अर्धी मोहर

सन २०४३. त्या वर्षी पंचायत समित्यांच्या निवडणुका नवरात्रात आल्या. मतदान सप्तमीला झालं, मोजणी दसरा उलटल्यावर ठेवली गेली आणि मधे खंडेनवमी आली. काळढोण तालुक्यात पुढे जे रामायण घडलं, त्याचं मूळ एवढंच.

वृंदा सातपुते तेव्हा काळढोणच्या तहसील कचेरीत निवडणूक शाखेची अव्वल कारकून होती. निवृत्ती तोंडावर आलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी मृण्मयी लग्न होऊन पुण्याला. घरात ती एकटी आणि अंगणात पारिजातक. कचेरीत लहानथोर सगळे तिला बाई म्हणत, आणि निवडणूक लागली की तहसीलदारसुद्धा आधी बाईंना विचारून मग हुकूम काढत.

निवडणूक तिच्या घरात आली होती ती वडिलांबरोबर. ते प्राथमिक शिक्षक. निवडणुकीची ड्यूटी लागली की घरी सण असल्यासारखी धावपळ. आई धपाट्यांची शिदोरी बांधून द्यायची, आणि वडील पत्र्याची मतपेटी मांडीवर घेऊन एसटीत खिडकीशी बसायचे, जणू सासरहून लेक घेऊन निघालेत. मतदान संपलं की पेटीच्या तोंडाला सुतळी बांधायची, मेणबत्तीवर लाख वितळवायची आणि पितळी मोहर दाबायची. दर निवडणुकीला त्यांच्या अंगठ्याला चटका बसायचाच. घरी आल्यावर ते तो अंगठा लहानग्या वृंदाला दाखवायचे. "हे बघ, सरकारी मेंदी." लाखेचा तो वास तिच्या नाकात कायमचा राहिला होता. त्या पेट्यांवरून भांडणं झाली नाहीत असं नव्हे. डोकीसुद्धा फुटली. पण भांडण माणसाशी असायचं, आणि माणसाशी भांडता तरी येतं.

पुढे यंत्रं आली, यंत्रांवर संशय आला, संशयावर कोर्टं आली. मग निघाली काचमोहर.

काचमोहर म्हणजे आगपेटीएवढी पारदर्शक वडी. पातळ राळेत काचेचे लाखो बारीक कण मिसळायचे आणि यंत्राच्या झाकणाच्या फटीवरच ती राळ गोठवायची. गोठताना कोणता कण कुठे बसेल हे कोणाच्याच हातात नसतं, बनवणाऱ्याच्याही नाही. तिच्यातून निळा लेझर सोडला की पलीकडच्या पडद्यावर उजेडाच्या ठिपक्यांची नक्षी उमटते. मूठभर अक्षता दोनदा उधळल्या तर दोन्ही वेळा सारख्या पडत नाहीत, तशी ही नक्षी पुन्हा होणे नाही. वडीवर टाचणीचा ओरखडा गेला तरी ती बदलते. म्हणजे मोहर फोडून, आत हात घालून, वरून पुन्हा तशीच लावून ठेवायची सोय जगातून उठली.

प्रश्न उरला तो त्या मूळ नक्षीचा. ती सांभाळायची कोणी? इथे दिल्ली आणि मुंबई हमरीतुमरीवर आल्या. पंचायतीच्या निवडणुका राज्याच्या अखत्यारीत, असं मुंबई म्हणे. मतदार देशाचा आणि मोहर केंद्राच्या कायद्याने बनलेली, असं दिल्ली म्हणे. अखेर एका गणितज्ञ बाईंनी तोड काढली. नक्षीचे दोन तुकडे करायचे, पण कात्रीने कापल्यासारखे नव्हे. एकेका तुकड्यावर नुसता ठिपक्यांचा गोंधळ असावा, त्यातून काही म्हणता काही कळू नये. दोन्ही एकमेकांवर ठेवले की मात्र नक्षी लख्ख दिसावी. एक अर्धी दिल्लीच्या मोहरसंग्रहात ठेवायची, दुसरी मुंबईच्या. मोहर खरी की खोटी हे ताडायला आणि ती रीतसर उघडायला दोन्ही अर्ध्या लागायच्या. आता कोणा एकाला लबाडी करता येणार नाही म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणा एकाला कोणाचं भलंही करता येणार नाही, ते मात्र कोणी बोललं नाही.

कायदाही मोहरेसारखाच कडक झाला. मोहर भंगली की त्या गणातली सगळी मतं रद्द, आणि भंग करणाऱ्याला चार वर्षं. हेतू काय होता, हे न्यायाधीशाने विचारायचंच नाही. यंत्र खोटं बोलत नाही, मग माणसाला कशाला विचारायचं?

खंडेनवमीच्या दुपारी नेहमीप्रमाणे सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रांची खोली उघडली. बाहेर कचेरीत पूजा मांडलेलीच होती. त्या दिवशी गवंडी थापी पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, कचेरीत शिक्के आणि संगणक पुजतात. आणि काळढोणात हळदकुंकू लावायचा मान वृंदाबाईंचा. नवरा गेला त्या वर्षी ती आपणहून मागे सरकली होती. तेव्हा बबन शिपायाने तबक तिच्या हातात कोंबलं होतं. "घ्या बाई. शिक्क्याला काय कळतंय कोणाच्या कपाळाला काय हाय ते." ती तेव्हा रडली होती, आणि त्या वर्षापासून तो मान तिने जिवापाड जपला होता.

"बाई, पहिल्या यंत्राला तरी लावा की," नानासाहेब भोईटे म्हणाले. दिल्लीत ज्या पक्षाचं राज्य, त्याचे ते तालुक्यातले पुढारी. "नारळ मी आणलाय."

"इथं काही लावायची परवानगी नाही, नानासाहेब."

"मोहरेला कोण लावा म्हणतंय? कडेला लावा. आजच्या दिवशी हत्यार बिनपूजेचं ठेवू नये."

समोरच्या पक्षाचा माणूस हसला. "लावा बाई. यात तरी आमचं नि त्यांचं एकमत आहे."

तिने तहसीलदार रसाळ साहेबांकडे पाहिलं. ते चपला काढून हात जोडून उभे होते. मग तिने पहिल्या यंत्राच्या कोपऱ्यावर, मोहरेपासून चांगलं वीतभर दूर, हळदकुंकवाचं बोट टेकवलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. सगळ्यांनी नमस्कार केला. बबनने प्रसाद वाटला.

हळद उडते, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला सांगायला नको. त्या हळदीचे चार कण पंख्याच्या वाऱ्याने वडीवर जाऊन बसले. आणि हळदीचा एक गुण आहे, निळ्या उजेडात ती स्वतःच हिरवट चमकते. मोजणीच्या दिवशी लेझर सोडला तेव्हा पडद्यावर मूळच्या नक्षीत भलतेच ठिपके मिसळले. यंत्राने तांबडा दिवा लावला. मोहर भंग.

ओल्या कापसाने पुसलं असतं तर पाचव्या मिनिटाला सगळं पूर्ववत झालं असतं. पण तांबडा दिवा लागल्यावर मोहरेला हात लावणं हा दुसरा गुन्हा होता.

हात सगळ्यांनी जोडले होते, बोट तेवढं वृंदाबाईंचं होतं. खटल्यात रसाळ साहेब म्हणाले, मी डोळे मिटले होते. नानासाहेबांनी तर कचेरीवर मोर्चा आणला, कारण त्या गणात त्यांचाच माणूस निवडून येणार होता. "या बाईला फोडून काढा," अशी घोषणा तिने कचेरीच्या खिडकीतून स्वतः ऐकली. न्यायाधीश वयस्कर होते. निकाल वाचून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "मला काही विचारण्याची मुभा असती, तर मी विचारलं असतं, बाई."

नोकरी गेली. वय पाहून चार वर्षं तुरुंगाऐवजी घरातच नजरकैद मिळाली, एवढीच दया. उजव्या पायात पोलादी कडं आलं आणि कड्याच्या सांध्यावर काचमोहर. निवडणुकीत यश मिळालं म्हणून तुरुंग खात्यानेही तीच उचलली होती. तिच्याही दोन अर्ध्या, एक दिल्लीत, एक मुंबईत. अंगणाच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की कडं ओरडायचं. कापलं तर दहा वर्षं पक्का तुरुंग, कापून देणाऱ्यालाही तेवढाच.

तरी सुरुवातीला ते कडं फार जाचलं नाही. पाळतीवर जिल्ह्याच्या कदम मॅडम होत्या, भल्या बाई. भाच्याच्या लग्नासाठी वृंदाने रजा मागितली तेव्हा सकाळी अर्ज केला आणि संध्याकाळी दोन्हीकडून अर्ध्या येऊन कडं टक्कन उघडलं. लग्न जेवून ती वेळेवर परत आली, मॅडमनी कडं पुन्हा बसवलं, चहा घेतला आणि गेल्या. दोन वर्षं अशी सरली.

मग मृण्मयीला दिवस गेले. आधीची दोन पोटं पडली होती. या खेपेला पाचवा महिना लागला, सहावा लागला, आणि डॉक्टरांनी गर्भाची वार खाली आहे म्हणून तिला अंथरुणाला खिळवलं. जावई सौमित्र मालवाहू जहाजावर, घरी सासू नाही, नणंद नाही. वृंदा दिवसातून तीनदा पडद्यावर मुलीचा चेहरा बघायची.

"पडद्यावरून पाठीला तेल लावता येत नाही गं आई," मृण्मयी म्हणाली. "तू ये. सगळ्यांच्या आया येतात."

"माहेरी आणायचं लेकीला, तर माहेरच कैदेत. येते मी. रजा मिळेल. कदम मॅडम म्हणाल्या, बाळंतपणाला हमखास देतात."

अर्ज गेला. मॅडमनी फोनवर सांगितलं, "आठवडाभरात निघायची तयारी ठेवा. डिंक-अळीव घ्या बरोबर, पुण्यात महाग असतात."

आणि त्याच आठवड्यात दारात हलगी वाजली.

नानासाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. मागे पन्नास माणसं, फुलं, झेंडे. "ताई, तोंड गोड करा! राष्ट्रपतींनी तुमची शिक्षा माफ केली!"

वृंदाला क्षणभर वाटलं, भलत्याच घरात आलेत. पण खरं होतं ते. ज्या पूजेसाठी नानासाहेबांनी तिला फोडून काढायला सांगितलं होतं, तीच पूजा मधल्या काळात त्यांच्या कामाची ठरली होती. हळदीचं बोट लावलं म्हणून एका मराठी बाईला कैद, असं भाषण त्यांनी दिल्लीपर्यंत पोचवलं होतं. मुंबईत दुसऱ्या पक्षाचं सरकार होतं. माफीचा अर्ज तिने केलेलाच नव्हता.

"म्हणजे मी आता जाऊ शकते? पुण्याला?"

"पुण्याला काय, काशीला जा!"

त्या दुपारी तिने बॅग भरली. अळीव, डिंक, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, बाळंतविडा. मुलीला फोन केला, दोघी हसल्या, दोघी रडल्या. मग ती पडवीत खुर्ची टाकून कडं उघडायची वाट पाहत बसली. दिवेलागण झाली. कडं उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कदम मॅडम आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्याने. "बाई, दिल्लीने त्यांची अर्धी पाठवली. मुंबई घेत नाही."

"का घेत नाही?"

"राज्याची निवडणूक, राज्याचा कायदा, तर माफी राज्यपालांची चालेल, राष्ट्रपतींची नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्धी घेतली म्हणजे माफी मानली असं होईल. वाद कोर्टात गेलाय."

"बरं, राहू दे ती माफी. मला आपली रजा द्या. महिन्याभराची. तुम्ही म्हणाला होता."

"रजेलाही दोन्ही अर्ध्या लागतात. माझ्याकडे आता मुंबईचीच एक आहे."

वृंदाने दिल्लीला फोन लावला. तिकडचा मुलगा फार गोड बोलत होता. "मॅडम, आमच्या लेखी तुम्ही मोकळ्या आहात. तुमची अर्धी आम्ही रवाना केली, आमच्या संग्रहातून ती पुसली गेलीय."

"मग पुन्हा बनवा. रजेपुरती."

"मोकळ्या व्यक्तीला रजा कशी देणार, मॅडम?"

मुंबईला लावला. तिथल्या बाई त्रासलेल्या होत्या. "दिल्लीची अर्धी आमच्या दाराशी पडलीय हो, पण ती उघडायची नाही असा आदेश आहे. तुम्ही राज्यपालांकडे अर्ज करा ना."

"केला. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत विचार करता येत नाही म्हणाले."

"मग निकाल लागू द्या."

"अहो, बाळंतपण निकालासाठी थांबतं का?"

तिने पुन्हा दिल्ली गाठली. "हे बघा, मला ही माफी नको. मी मागितलेली नव्हती. परत घ्या आणि मला पहिल्यासारखी कैदी करा."

"एकदा दिलेली माफी परत घेण्याची तरतूद नाही, मॅडम. अभिनंदन!"

नानासाहेबांना तिने बोलावून घेतलं. ते आले, पाणी प्यायले, ऐकून घेतलं. "ताई, जरा कळ काढा. आता तुम्ही एकट्या तुमच्या राहिला नाहीत. सगळा महाराष्ट्र तुमच्याकडं बघतोय."

"महाराष्ट्र बघू दे. मला माझ्या मुलीकडे बघायचंय."

"मुंबईवाल्यांना आत्ता सुटायला वाट दिली, तर सगळी मेहनत वाया."

"नानासाहेब, नारळ तुम्ही आणला होता."

"म्हणूनच तर पाठीशी उभा आहे!" ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर खरोखरच माया होती, तेच तिला जास्त भयंकर वाटलं.

दिवस जात राहिले. मृण्मयीचे फोन आखूड होत गेले. एक दिवस तिचा तोल सुटला.

"कापून टाक ना ते कडं! शेजारच्या मुबारककाकांकडे हत्यारं असतात."

"मुबारकभाईंना दहा वर्षं होतील, मनू. मला होतील. मग पुढं कधीच येता यायचं नाही."

"जन्मभर दुसऱ्यांच्या पेट्यांना मोहरा लावल्यास. माझ्यासाठी एक तोडवत नाही तुला?"

"असं बोलू नकोस गं. नियम…"

"नियमच बोल तू. ठीक आहे. तुला येता येत नाही ना? मी येते."

"वेडी आहेस का! डॉक्टरांनी उठायलासुद्धा…"

"इथं एकटी पडून छताकडे बघून मरण्यापेक्षा तुझ्या पडवीत मरेन," मृण्मयी म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिने फोन बंदच केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी आवाजाचा फोन आला. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. "मावशी, तुमच्या ताईंना घाटात त्रास सुरू झाला. लोणघाटच्या सरकारी दवाखान्यात आणलंय. सारखं आई आई चाललंय. तुम्ही या."

लोणघाट म्हणजे काळढोणहून तासाभराचा रस्ता. वृंदाने पायात चपला चढवल्या, भरलेली बॅग उचलली आणि फाटक उघडलं. पाऊल बाहेर पडताच कडं ओरडायला लागलं. गल्लीतली दारं उघडली. मुबारकभाई आपल्या शाळेच्या गाडीत सीटा पुसत होते. काही न विचारता त्यांनी दार सरकवलं.

"तुम्हाला गुंतवायचं नाही मला, मुबारकभाई."

"कडं मी थोडंच कापलंय? गाडी चालवतोय. मनूला चार वर्षं शाळेत मीच सोडलंय. बसा."

गावाबाहेरच्या नाक्यावर हवालदार शेंडगे आडवा आला. त्याच्या हातात दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते.

"बाई, परत फिरा. तुमच्या पाया पडतो, मला काहीही म्हणा, पण फिरा."

"शेंडगे, माझी मुलगी लोणघाटला अडलीय. मला बेड्या घाला, गाडीत तुम्ही बसा, पण तिकडे न्या. तिथून तुरुंगात घाला."

"नेलं असतं हो." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "सोडलं तर मुंबईचा हुकूम मोडला. कैदी पळवली म्हणतील. हात लावला तर दिल्लीचा. मोकळ्या बाईला अडवलं म्हणतील. साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले थांब, वर विचारतो. वरचे म्हणाले थांबा."

"किती वेळ?"

"ते कोणी सांगत नाही."

कड्याचा आवाज ऐकून कोणीतरी नानासाहेबांना कळवलं होतं. बघता बघता त्यांची माणसं नाक्यावर जमली. 'वृंदाताई आगे बढो' सुरू झालं. मग मुंबईच्या सरकारपक्षाची माणसं आली, त्यांनी 'कायदा सर्वांना समान' सुरू केलं. एका बाजूचे गाडीमागे उभे राहिले, तिला कोणी मागे नेऊ नये म्हणून. दुसऱ्या बाजूचे गाडीपुढे बसले, तिला कोणी पुढे नेऊ नये म्हणून, आणि गर्दी वाढली तशी कोण कुठे आहे हे कोणालाच कळेना. मुबारकभाई खाली उतरून हात जोडत फिरले. "अरे, बाळंतीण आहे पुढं, वाट द्या रे!" घोषणांत ते बुडून गेलं. वृंदा मांडीवर बॅग घेऊन सीटवर बसली होती. लोक काचेतून तिचे फोटो काढत होते.

सावल्या लांबल्या तेव्हा तिचा फोन वाजला. एका नर्सचा.

"आई का तुम्ही? निघालात ना?"

"निघालेय. नाक्यावर… निघालेय मी."

"मुलगी झालीय. फार लहान आहे. इथं तेवढ्या लहान जिवाची सोय नाही, मोठ्या दवाखान्याची गाडी मागवलीय. ताईंना रक्त चढवतोय, त्या शुद्धीवर आहेत. तुम्हीच विचारताहेत कुठं आहात म्हणून. काय सांगू?"

वृंदाने बाहेर पाहिलं. एक तरुण पोरगं बोनेटवर उभं राहून झेंडा हलवत होतं.

"सांगा, आईला सोडत नाहीत," ती म्हणाली.

बाळासाठी मागवलेली गाडी याच रस्त्याने यायची होती. नाक्यावरच्या गर्दीपायी ती लांबच्या वळणाने गेली. पोचली तेव्हा उशीर झाला होता. वरून हुकूम आला तोही त्याच सुमाराला: बाईंना घरी नेऊन सोडावं, अटक करू नये, सुटकाही समजू नये. शेंडगेने तिला हाताला धरून पडवीत बसवलं, आणि आपली टोपी काढून बराच वेळ फाटकाशी उभा राहिला.

पुढे कोणाचं काय झालं तेही सांगते.

नानासाहेब भोईटे पुढच्या निवडणुकीत आमदार झाले. प्रचाराच्या फलकावर वृंदाचा गाडीतला फोटो होता. समोरच्या पक्षाच्या फलकावरही तोच होता, फक्त ओळी वेगळ्या. रसाळ साहेबांना बढती मिळाली. शेंडगेला मुंबईकडून एक आणि दिल्लीकडून एक अशा दोन नोटिसा आल्या आणि तो दोन्हींना उत्तरं देत देत निवृत्त झाला. मुबारकभाईंचा शाळेच्या गाडीचा परवाना गेला. आता ते मुलाच्या दुकानात बसतात आणि त्या दिवसाबद्दल कधी बोलत नाहीत. कदम मॅडमनी पाळतीचं काम सोडून शिक्षण खात्यात बदली मागून घेतली. बबन अजून खंडेनवमीला तबक मांडतो, पण यंत्रांच्या खोलीला सगळे बाहेरूनच नमस्कार करतात. हळद ओळखून ती वगळणारा नवा लेझर आता सगळीकडे आला आहे. मोहरेच्या दोन अर्ध्या आहेत तशाच आहेत.

माफीचा खटला वरच्या कोर्टात चालू राहिला. मोठमोठे वकील बोलले. वृंदाची चार वर्षं भरली, त्यानंतर न्यायमूर्तींनी निकाल दिला: शिक्षाच संपली असल्याने, माफी द्यायचा अधिकार कोणाचा होता या प्रश्नात शिरण्याची आता गरज नाही.

मृण्मयी वाचली. तिला पुढे मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सौमित्र जहाज सोडून आला, आणि दोघं गोव्याला राहायला गेली. रविवारी ती आईला फोन करते. भाजी कोणती केली, ऊन किती आहे, गुडघा कसा आहे, असं बोलणं होतं. काळढोणला ती आली नाही. बाळाचा विषय दोघींपैकी कोणीही काढत नाही.

मुदत संपली त्या सकाळी जिल्ह्याहून एक नवा अधिकारी आला. त्याच्याकडेही मुंबईची एकच अर्धी होती, आणि नुसत्या तिने कडं उघडेना. त्याने फोन केले, मग वैतागून औद्योगिक शाळेतून एका माणसाला बोलावलं. मुदत संपल्याने आता कापण्यात गुन्हा नव्हता. त्या माणसाने पडवीत गोणपाट अंथरलं, वृंदाचा पाय त्यावर ठेवला आणि साधी लोखंड कापायची करवत चालवली. चुलीवर ठेवलेल्या चहाला उकळी फुटायच्या आत कडं खाली पडलं.

ते सगळे गेल्यावर, रविवार नसतानाही, तिने मुलीला फोन लावला.

"मनू, सुटले गं मी."

मृण्मयीने विचारलं, "कोणी सोडलं?"

वृंदा पायाच्या पांढऱ्या पडलेल्या कातडीवरून हात फिरवत होती.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "मुदत संपली."